वायसन जिथे उतरायचा

पाठ दुखते म्हणून मोटरसायकल सोडली, असं मी सगळ्यांना सांगते. नवऱ्यालाही तेच सांगितलंय. तुम्ही इतकं खोदून विचारताय म्हणून खरं काय ते सांगते, पण मधे अडवू नका. आणि ते दार तेवढं लोटून घ्या. बाहेर चिपेरोनी उतरलाय. हे गार, भुरभुरतं धुकं डोंगरावरून खाली आलं, की मला भिंतीला पाठ लावून बसावं लागतं.

माझं काम डोळे तपासायचं. रोज ब्वुंब्वेच्या घरून ब्लँटायरच्या दवाखान्यात जायचं, आणि महिन्यातले आठ-दहा दिवस मुलांजे, फालोंबेकडच्या गावांतून शिबिरं घेत हिंडायचं. सोबत चष्म्यांची पेटी. त्यात माझी मणक्यातली गादी सरकलेली. मिनीबसमधे कोंबड्या, पोती आणि माणसं यांच्यात अंग दुमडून बसले, की उतरताना मला कुणीतरी हात धरून सरळ करावं लागायचं. म्हणून ठरवलं, एक जुनी मोटरसायकल घ्यायची. रोजच्याला परवडेल आणि लांबच्या पल्ल्यालाही कंबर मोडणार नाही अशी.

माझा मावसभाऊ फानिझो लिंबेच्या बाजारात मेकॅनिक आहे. त्याला बरोबर घेतलं.

"ताई, रंग बघू नकोस," तो म्हणाला. "गाडीवर नुसती बसून राहा. पाय नीट टेकतात का, हात ताणले जातात का, पाठ वाकते का, ते बघ. गाडी पहिली दहा मिनिटं खोटं बोलते. खरं बोलायला लागते अकराव्या मिनिटाला."

"तुझ्या बायकोनंही हेच केलं होतं का?"

"तिनं पाचव्या मिनिटाला हो म्हटलं. भोगतेय आता."

पहिली गाडी इतकी उंच, की जिराफावर चढल्यासारखं वाटलं. दुसरी चकचकीत होती, पण वेग घेतला की हँडल असं थरथरायचं की माझे दात वाजले. मालक म्हणतो, "मालिश फुकट आहे, अमाई!" तिसरीबद्दल एका शिंप्यानं सांगितलं. थ्योलोच्या अलीकडे एक म्हातारी राहते, तिच्याकडे एक आहे म्हणे.

म्हातारीचं नाव एनिफा. गाडी तिनं पुढच्याच खोलीत ठेवली होती, चितेंजेचं रंगीत कापड पांघरून, माणसाला झोपवावं तशी. निळ्या टाकीची, दोनशे सीसीची जपानी गाडी. फानिझोनं थंड इंजिन चालू करून आवाज ऐकला, चेन ओढून पाहिली, पुढचं चाक उचलून हलवलं, फ्रेमच्या जोडांवरून बोट फिरवलं. सगळं पसंत पडलं. फक्त मागे वाकून तो बराच वेळ बघत राहिला.

"मागचे शॉक-अॅब्सॉर्बर खाली बसलेत. स्प्रिंग धड आहे, तेल गळत नाही. तरीपण..." तो डोकं खाजवत म्हणाला, "रिकामी उभी आहे असं वाटत नाही, एवढंच."

मी बसले. सीट घरी शिवलेलं होतं, जाड चामड्याचं, मधे खोलगट. हँडल आपल्याकडे ओढून घेतलेलं. काय सांगू तुम्हाला... सहा वर्षांत पहिल्यांदा माझी कंबर दुखायची थांबली. अकरा मिनिटं झाली, वीस झाली. उतरावंसंच वाटेना.

"सीट त्यांनीच शिवलं," एनिफाआजी म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं, वायसननं. शिलाई मशिनी दुरुस्त करत गावोगाव हिंडायचे. दिवसचे दिवस गाडीवरच."

"आता कुठे असतात?"

"घरी नाहीत," ती म्हणाली. पुढे आम्हीही विचारलं नाही. किंमत तिनं इतकी कमी सांगितली, की फानिझोनं माझा पाय दाबला. निघताना ती फाटकापर्यंत आली. "नाही पटली तर परत आण, पोरी. मी घेईन. फक्त कुठे काय झालं, ते मला खरं सांग."

जुन्या गाडीबद्दल कुणीही बोलेल तसंच बोलली, असं तेव्हा वाटलं.

दोन महिने सुखाचे गेले. ब्लँटायरला जाते कधी, येते कधी, कळायचं नाही. खरंच कळायचं नाही. घरातून निघाल्याचं आठवायचं आणि दवाखान्याच्या आवारात स्टँड लावल्याचं आठवायचं. मधला रस्ता जणू दुसऱ्याच कुणीतरी कापला. मग नवऱ्यानं एकदा जेवताना विचारलं, "हल्ली टाच का आपटत असतेस? शिंपी मशीन चालवतात तशी?" मी पायाकडे पाहिलं. पाय थांबला. पण तो मी थांबवला नव्हता.

त्यानंतर सकाळी हँडलला हात लावला की मुठी उबदार लागायच्या. नुकतेच कुणीतरी हात उचलल्यासारख्या.

ती जुलैची सकाळ होती, नऊ वाजले असतील. मुलांजेच्या शिबिराला निघाले होते. थ्योलो मागे पडलं आणि चहाच्या मळ्यांत चिपेरोनी उतरला. पुढच्या चाकापलीकडे काही दिसेना. ओल्या पानांचा वास, इंजिनाची एकसुरी घरघर, आणि दोन्ही बाजूंना पांढरं. बोटं गारठायला हवी होती. पण मुठी गरम होत्या. पाठही गरम होती. मानेजवळ एक वास येऊ लागला. शिलाई मशीनच्या तेलाचा.

लहानपणी वडील मला सायकलच्या नळीवर बसवून शाळेत न्यायचे. दोन्ही बाजूंनी त्यांचे हात, मागे त्यांची छाती. पडायची भीती नाही, तोल सांभाळायचा नाही. त्या धुक्यात मला एकदम कळलं, इतके दिवस हे सुख मी कशावरून ओळखत होते. मी सीटवर बसले नव्हते. कुणाच्या तरी मांडीवर बसले होते.

मी ओरडले असेन. ब्रेकवर पाय नेला, तर ब्रेक आधीच दाबला जात होता. गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेला आली, जशी रोजच्या ठिकाणी येते तशी, आणि थांबली. इंजिन बंद झालं. खट् करून स्टँड खाली पडला.

मी सीटवरच होते. आणि माझ्याखाली गाडी वर आली... मागचे शॉक उसासा टाकल्यासारखे सरळ झाले. कुणीतरी उतरलं होतं. त्याच क्षणी माझ्या कमरेत कळ आली, जुनी, नेहमीची कळ. पाठ गार पडली.

समोर चहाच्या झुडपांत एक पाऊलवाट होती. तिच्या दोन्ही बाजूंची ओली पानं हलली, थेंब गळले. हलणं पुढे पुढे सरकत धुक्यात शिरलं. मी तिथंच बसून होते. किती वेळ, ते सांगता येणार नाही. आतून कुठूनतरी दबकं बोलणं ऐकू आलं. शब्द कळत नव्हते. एक आवाज विनवत होता. दुसरा... दुसरा फक्त हसत होता.

मग पानं पुन्हा हलली. येताना मात्र एकामागून एक अशी दोन जागी हलत होती.

मी गाडी सोडून धावले. पेटी तिथंच राहिली. दोनशे पावलांवर मळ्याच्या राखणदाराची झोपडी लागली. आत एक म्हातारा शेगडीवर रताळी भाजत बसला होता, लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढून. मी दारात कोसळले, तरी त्यानं मान वळवली नाही.

"मोटरसायकल थांबली ना?" तो म्हणाला. "बस. धुकं उठेपर्यंत बाहेर जाऊ नकोस."

"बाम्बो, तिकडे कुणीतरी..."

"हळू बोल. आणि तिकडे बघू नकोस."

मला बघू नकोस म्हणणारा तो म्हातारा स्वतः मात्र दाराबाहेर, त्या पांढऱ्याकडे एकटक तोंड करून बसला होता. बाहेर कुणीतरी किक मारली. एकदा, दोनदा. इंजिन चालू झालं, बराच वेळ जागच्या जागी घरघरत राहिलं. मग बंद पडलं. रताळं करपल्याचा वास आला तेव्हा त्यानं ते उलटलं. त्याचं नाव बिझेक, एवढंच त्यानं सांगितलं.

साडेदहाला ऊन पडलं. चहा खुडणाऱ्या बायकांबरोबर मी परत गेले. गाडी जिथल्या तिथे, पेटी जिथल्या तिथे. इंजिन हात भाजेल इतकं तापलेलं. तिथून एनिफाआजीच्या घरापर्यंत मी फूटरेस्टवर उभी राहून गाडी चालवली. सीटला अंग लागू दिलं नाही.

ती अंगणात मका पाखडत होती. मला पाहताच सूप खाली ठेवून उठली.

"कुठे उतरले?"

मी गाडी स्टँडवर लावली.

"कुठे उतरले ते? सांग ना गं!" तिनं माझे दोन्ही दंड धरले. एवढ्याशा हातांत केवढा जोर. "सात वर्षं झाली. त्या दिवशी अशाच धुक्यात गेले, आणि दुसऱ्या सकाळी गाडी एकटी दारात उभी. स्टँडवर. इंजिन गरम. पोलिसांनी शोधलं, चर्चच्या लोकांनी शोधलं. मला गाडी चालवता येत नाही. म्हणून विकत राहिले. चौघांनी घेतली तुझ्याआधी, चौघांनी परत आणली. एक म्हणाला चेन तुटते, एक म्हणाला पेट्रोल फार खाते. घाबरलेला माणूस खोटं बोलतो, पोरी. कुणी मला जागा सांगितलीच नाही."

मला राग यायला हवा होता. तिनं मला जाणूनबुजून त्या मांडीवर बसवलं होतं. पण तिचे ओठ असे थरथरत होते, की राग आलाच नाही. मी तिला मळा सांगितला, वळण सांगितलं, पाऊलवाट सांगितली.

"एकटेच होते ना?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. पाचवी खोटं बोलणारी मी.

दुसऱ्या दिवशी गावचा मुखिया, दोन पोलीस आणि कुदळी घेतलेली माणसं त्या वाटेनं आत गेली. वाट जिथे संपते तिथे जुनी खाण आहे, विटांसाठी माती काढायची. वर झुडपं माजलेली. तळाशी वायसन सापडला. उरलेला. शेजारी त्याचा पत्र्याचा डबा होता. त्यात छोटे पेचकस, सुया, बॉबिन. पडला की कुणी ढकललं, हे आता कोण सांगणार? मी पोलिसांना तीन वेळा विचारलं, की आत आणखी कुणी आहे का. त्यांनी पुन्हा खणून पाहिलं. एकाच माणसाची हाडं होती.

एनिफाआजीनं त्याला चर्चच्या आवारात पुरलं. रडली नाही. मातीवर हात फिरवत म्हणाली, "आता घरी झोपा." गाडी तिनं फानिझोला दिली, सुटे भाग करून टाक म्हणून. तो म्हणाला, "ताई, शॉक नव्यासारखे वर आलेत." मी म्हटलं, मला काही सांगू नकोस.

मला वाटलं, संपलं.

सप्टेंबरात त्याच मळ्याच्या दवाखान्यात आमचं शिबिर होतं. दुपारी रांगेत बिझेक आला. नातीनं हाताला धरून आणला होता. मला आवाजावरून ओळखलं त्यानं.

"अमाई, तुम्ही त्या माणसाला नेलंत, चांगलं केलंत," तो हळूच म्हणाला. "पण आता तो दुसरा एकटा पडलाय. आधी आत असायचा. हल्ली रस्त्यावर येऊन उभा राहतो. धुकं असो नसो, येणाऱ्या-जाणाऱ्या मोटरसायकलीला हात करतो. परवा एकजण थांबला."

"मग?"

"मग काय... हा बसला त्याच्यामागे. गेले."

मी बॅटरी उचलली. काहीतरी करायचं म्हणून त्याची टोपी वर सरकवली आणि डोळ्यांवर उजेड टाकला. दोन्ही बुबुळं दुधासारखी पांढरी. मी तक्त्यावरचं सगळ्यांत मोठं अक्षर विचारलं. त्याला तक्ताच दिसेना. डोळ्यांसमोर बोटं धरली. ती दिसेनात.

"बाम्बो, हे कधीपासून?"

नातीनं उत्तर दिलं, "मी जन्मायच्या आधीपासून. आजोबांना काहीच दिसत नाही."

मी बॅटरी विझवली. "मग तो रस्त्यावरचा... तुम्हाला दिसतो कसा?"

म्हाताऱ्यानं मान माझ्याकडे वळवली नाही. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे, उघड्या दाराकडे वळलेली होती.

"बाकी काही दिसत नाही, अमाई," तो म्हणाला. "तेवढा तोच दिसतो."