नियमानुसार काम

“काय डॉक्टर, तुमचं लेकरू अजून पहिलीतच का?”

नाशिकच्या ‘दूरनाद’ कंपनीच्या नियंत्रण कक्षात इंदुमती गायधनी डॉ. रास्त्यांची फिरकी घेत होती. ती तंत्रज्ञ होती आणि कामगार संघटनेची सरचिटणीसही. लेकरू म्हणजे ‘स्वयंवैद्य’, दूरसंचार जाळ्यातला बिघाड ओळखून मनोऱ्यांवरच्या यंत्रबाहूंकडून तो दुरुस्त करून घेणारी प्रणाली. रास्त्यांनी ती घडवली खरी, पण अवघड बिघाड आला की ती हात टेकायची. मग तंत्रज्ञ खुर्चीत बसून स्वतःच यंत्रबाहू चालवायचे.

“शिकेल कशी?” रास्ते वैतागले. “तिला बिघाड दिसतो आणि शेवटी तुमचा एक शब्द दिसतो, ‘झालं’. मधे काय तपासलंत, का तपासलंत, कोणी सांगतं का? प्रत्येक पायरी कारणासह माइकवर बोलायची, असा नियम आहे. बोलतं कोणी?”

“बोलत बसलो तर काम कधी करायचं?” शेजारून दस्तगीर शिकलगार म्हणाला आणि त्याने एक बिघाड निकालात काढून खाली टाइप केलं, ‘झालं’.

या सगळ्यांच्या नोकऱ्या करारातल्या एका कलमावर उभ्या होत्या. स्वयंवैद्य तंत्रज्ञांच्या बरोबरीला येईपर्यंत एकालाही कमी करायचं नाही. ते कलम इंदुमतीनेच भांडून घातलं होतं. आता संचालक कोठावळ्यांना ते नकोसं झालं होतं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या करायचा त्यांचा घाट होता.

अत्यावश्यक सेवा, त्यामुळे संपाला बंदी. पण इंदुमती कसली गप्प बसते!

“नियमावर बोट ठेवून काम करायचं,” तिने सभेत बजावलं. “पुस्तिकेतला एक शब्दही गाळायचा नाही. बघू कंपनी किती दिवस तग धरते!”

आणि काय सांगू, जिल्ह्याची दाणादाण उडाली. चुटकीसरशी होणारं काम संध्याकाळपर्यंत रेंगाळू लागलं. दस्तगीर तर माइकवर कीर्तनच लावायचा. “लहर थरथरतेय, म्हणजे सांध्यात ओल असेल. पण पाऊस नाही, म्हणून आधी तापमान बघतो. तापमान ठीक, म्हणजे केबलमधला तंतू दुमडलाय.” सगळा कक्ष खो खो हसायचा. दूरध्वनी बंद पडलेली माणसं मात्र कंपनीला शिव्यांची लाखोली वाहत होती.

शेवटी कोठावळ्यांनी बोलावलं. इंदुमती कंबर कसून गेली होती. कोठावळ्यांनी तिने आणलेला कराराचा मसुदा चाळला, कलमाला कायमस्वरूपी मान्यता दिली आणि सही ठोकून वर चहा मागवला. ती आनंदाने कक्षात परतली. गुलाल उधळला गेला, पेढे फिरले. रास्त्यांनी मात्र पेढा हातातच ठेवला.

“इंदुमतीबाई, तुम्ही मला विचारायला हवं होतं हो.”

“काय?”

“स्वयंवैद्यला उपाशी ठेवलं होतं ते तुमच्या मौनाने. या आंदोलनात तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला हातचं काही न राखता शिकवलंत. प्रत्येक पायरी, प्रत्येक कारण. तेच सगळं करायला तुम्हाला दिवस लागायचा, तिला क्षण लागतो. कालच्या चाचणीत ती तुमच्या बरोबरीला आली. कोठावळ्यांना कालच कळवावं लागलं.”

इंदुमतीच्या पायाखालची जमीन सरकली. कलम तेच होतं, तिनेच घातलेलं, तिनेच कायमचं करून घेतलेलं. आणि त्यातली अट आता पूर्ण झाली होती. ज्यांना वाचवायला ती निघाली, त्यांचा घात तिच्याच हातून झाला होता, आणि समोर माणसं तिच्याच नावाचा जयजयकार करत होती.

“इंदूताई, पेढा घ्या की!” दस्तगीर गुलालाने माखलेला हात पुढे करत म्हणाला.

तेवढ्यात पडद्यावर त्र्यंबकजवळचा एक मनोरा लाल झाला. दस्तगीर सवयीने खुर्चीकडे धावला. तो टेकतो न टेकतो तोच यंत्रबाहू हलले. आधी ओल नाही हे पाहिलं, मग तापमान, मग दुमडलेला तंतू सरळ केला, अगदी दस्तगीरच्याच क्रमाने. मनोरा हिरवा झाला.

“हे कोणी केलं?” दस्तगीरने वळून विचारलं.

पडद्यावर खाली एक शब्द उमटला होता.

झालं.