कंडक्टर अण्णांना सलामी

पुढच्या सीटवर अण्णा बसतील, असं आईनं जाहीर केलं, तेव्हा गारखेड्यातल्या त्या दाराशी उभ्या असलेल्या गाडीभोवती सगळे आईच्या हाताकडे बघू लागले… कारण अण्णांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि आईच्या हातात होता तो चंदनाचा हार घातलेला त्यांचा फोटो, बैठकीतल्या भिंतीवरून नुकताच उतरवलेला.

“आई, फोटो डिकीत ठेवू. चादरीत नीट गुंडाळून,” कृष्णा म्हणाला.

“डिकीत?” मनकर्णाबाईंनी मुलाकडे असं काही पाहिलं, की त्यानं आपणहून पुढचं दार उघडलं. “सगळी नोकरी एस्टीत उभ्यानं तिकिटं फाडण्यात गेली त्यांची. आता तरी खिडकीशी बसू दे.”

अण्णांचे बालमित्र चांदपाशा चाचा सकाळच्या पहिल्या बसनं दौलताबादहून आले होते. फौजेत ते स्वयंपाकी होते आणि त्या दिवसांतली टोपी आज त्यांनी मुद्दाम डोक्यावर चढवली होती. ते पुढे झाले आणि त्यांनी गंभीरपणे फोटोला सीटबेल्ट लावला.

“असू दे, भाबी. पुण्याचे पोलीस लई कडक. मयताला कायदा लागू हाय का नाय, ह्यावर त्यांच्याशी हुज्जत कोण घालंल?”

अशा रीतीनं अण्णा पुढे बसले, कृष्णा चाकावर बसला, आईला आणि चाचांना मागच्या दोन खिडक्या मिळाल्या, आणि उरलेली मधली जागा, जिथे ना पाय ठेवायला जागा असते ना पाठ टेकायला, ती न मागता दीपमालाच्या वाट्याला आली. घरातल्या अशा सगळ्या जागा वर्षानुवर्षं तिच्याच होत्या. मांडीवर दशम्यांचा डबा, पायांशी पाण्याची बाटली आणि पर्समध्ये आईच्या गोळ्या घेऊन ती अंग चोरून बसली, आणि समोर आरशात दिसणाऱ्या भावाच्या कपाळाकडे बघत राहिली.

या प्रवासाचं मूळ पैठणला होतं. अण्णांच्या दहाव्याला गोदेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. शेजारच्या कुटुंबांचे पिंड उरकले, ती माणसं अंघोळी करून निघूनही गेली, पण अण्णांच्या पिंडासमोरचा कावळा नुसता मान वाकडी करून बसलेला. मेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलंय, ते ओळखून शब्द द्यायचा असतो. कृष्णानं हात जोडून शब्द द्यायला सुरुवात केली. आईला सांभाळीन… कावळ्यानं पंख साफ केले. बिडकीनची जमीन विकणार नाही… कावळ्यानं नदीकडे पाहिलं. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, “अरे, दीपीच्या लग्नाचं बोल,” आणि शेहेचाळीस वर्षांच्या दीपमालाचं लग्न करून देण्याचा शब्द घाटावर जमलेल्या सगळ्यांदेखत दिला गेला. कावळा दोन पावलं मागे सरला. शेवटी कृष्णा अगदी हळू म्हणाला, “अण्णा, पुण्याचं युद्धस्मारक… आईला घेऊन नक्की जाईन. तुम्हालाही नेईन.” शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत कावळ्यानं चोच मारली!

सगळ्यांचे जीव भांड्यात पडले; फक्त एकीचा तेवढा पडला नाही.

डावी बाजू लुळी पडल्यापासून अण्णांचं अंथरूण, अंघोळ, औषध, दाढी, सगळं दीपमालानं केलं होतं. बदली नको म्हणून बँकेतली बढती दोनदा नाकारली होती. त्यांना भाजीत मीठ किती लागतं, कोणत्या कुशीवर झोप लागते, छतावरच्या पंख्याकडे बघत ते कधी रडतात, हे सारं तिला ठाऊक होतं… आणि ही एवढी मोठी इच्छा मात्र तिला ठाऊक नव्हती. ती इच्छा त्यांनी महिन्यातून एकदा येणाऱ्या मुलाला सांगितली होती. ‘मुलाच्या शब्दाला कावळा शिवला,’ असं नातलग वर्षभर कौतुकानं सांगत होते, आणि प्रत्येक वेळी दीपमाला त्यांना चहा नेऊन देत होती. मी अण्णांचे फक्त हातपाय होते का, एवढाच प्रश्न तिच्या मनात होता. तो विचारायला आता अण्णा नव्हते, आणि कृष्णाशी तर ती कामापुरतंच बोलत होती.

“छाती भरली नाय म्हणून, नाय तर बद्री फौजेतच जायचा,” नगरच्या पुढे चाचांनी अण्णांच्या भरतीची नेहमीची गोष्ट सुरू केली. “भरतीला आम्ही दोघं संगंच गेलो. मोजणारा त्याला म्हणला, ‘श्वास घे.’ बद्री म्हणला, ‘घेतलाय.’ तो म्हणला, ‘मग दिसंना का?’”

आई पदरात तोंड लपवून हसली. दीपमालालाही हसू आलं, पण तिनं ते आरशातून कृष्णाला दिसू दिलं नाही.

स्मारकाच्या तिकीट-खिडकीशी कृष्णानं चार तिकिटं मागितली.

“पाच,” आई मागून म्हणाली.

“आई, फोटोला तिकीट लागत नाही.”

“ह्यांनी बिनतिकिटाचा माणूस कधी गाडीत ठेवला नाय. आज सोता बिनतिकिटाचे जायचे का?”

खिडकीतल्या माणसानं हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं, चाचांच्या टोपीकडे पाहिलं आणि पैसे परत केले. “तुमच्याकडून कसे घ्यायचे?” असं काहीसं पुटपुटून त्यानं फोन उचलला. थोड्याच वेळात आतून कडक इस्त्रीचे एक सुभेदार आले. त्यांनी फोटोसमोर टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. पलीकडे सहलीला आलेल्या शाळेच्या बाईंनी ते पाहिलं, आणि चिप्स खाणाऱ्या पोरांची तिथल्या तिथे रांग करून त्यांनाही हात कपाळाशी न्यायला लावले.

आईचा चेहरा फुलून आला. चाचांनी अण्णांच्या वतीनं सलाम स्वीकारला, आणि नंतर स्वतःच्या वतीनं आणखी एक केला.

“ताई,” कृष्णा कुजबुजला, “ह्यांचा काहीतरी गैरसमज होतोय. ह्यांना वाटतंय अण्णा शहीद झाले.”

“मग सांग त्यांना.”

“तू सांग ना.”

हेही काम तिच्याकडेच आलं. अण्णांचा हात आता परत उचलणार नाही, हे अण्णांना सांगणारीसुद्धा तीच होती. तिनं पर्स खांद्यावर नीट केली, पण त्याआधीच सुभेदार आईपुढे वाकून अदबीनं विचारत होते, “माताजी, साहेबांना वीरमरण कुठं आलं?”

“घरीच,” आई म्हणाली.

“घरी?”

“व्हय. पलंगावर. चहा घेता घेता. अर्धा कप तसाच राह्यला बघा.”

सुभेदार हळूहळू सरळ झाले. पोरांचे हात अजून कपाळाशीच होते. दीपमालाला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण लष्कराच्या छावणीतली ती धरणी चांगलीच टणक होती.

“माफ करा, साहेब,” ती म्हणाली. “माझे वडील सैनिक नव्हते. एस्टीत कंडक्टर होते, पैठण डेपोला. त्यांना हे स्मारक बघायचं होतं आणि ते राहून गेलं, म्हणून आम्ही फोटो आणला. तुम्हाला फसवायचं कुणाच्या मनात नव्हतं. तिकिटाचे पैसे आम्ही भरतो.”

“भरतीला गेला व्हता पण,” चाचांनी मधेच साक्ष दिली. “छातीनं दगा दिला.”

सुभेदारांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी आधी पोरांना हात खाली घ्यायला सांगितले.

“ताई, सुट्टीवर निघालेला शिपाई एस्टीत चढला आणि गाडी भरलेली असली, तर पुष्कळदा कंडक्टर आपली जागा द्यायचा. मी बसलोय तसा. दिलेला सलाम परत घ्यायची पद्धत आमच्याकडे नाही.” मग आवाज जरा कडक करून ते म्हणाले, “पण पुष्पचक्राच्या चौथऱ्यावर फोटो नेऊ नका. ती जागा ज्यांची, त्यांचीच राहू द्या. रणगाड्यापाशी न्या. आणि पाच तिकिटं घ्या, माताजी म्हणतात तशी.”

रणगाड्यापाशी आईनं फोटो दोन्ही हातांनी उंच धरला. आधी तोफेकडे, मग चाकांकडे, मग पलीकडच्या विमानाकडे तो सावकाश फिरवला, आणि हलकेच म्हणाली, “दिसतंय का सगळं?” चाचा शेजारी उभे राहून अण्णांना रणगाड्याची माहिती देऊ लागले. माहिती बरीचशी मनची होती, पण आवाज मधेमधे अडत होता… दीपमालाला ते सहन होईना. ती वळली आणि संग्रहालयाच्या दालनात शिरली.

आत थंडगार होतं. काचेपलीकडे बर्फातले बूट, लोकरी हातमोजे, फाटका नकाशा. ती बुटांसमोर उभी राहिली. मागोमाग कृष्णा आला. भिंतीवर शांतता राखण्याची पाटी होती, त्यामुळे वर्षभर साठलेलं भांडण दोघांना कुजबुजत करावं लागलं.

“ताई, बाहेर चल ना. फोटो काढू सगळ्यांचा.”

“तुमचा काढा. इच्छा तुला सांगितली होती.”

“आता हे काय?”

“रोज मी त्यांना उचलून बसवत होते, कृष्णा. एकदा तरी माझ्याजवळ म्हणायचं होतं, दीपे, मला तिथं जायचंय. मला नाही सांगितलं. तुला सांगितलं.”

सहलीतला एक मुलगा जवळ येऊन दोघांकडे आलटून पालटून बघू लागला. दोघं बूट पाहू लागली. मुलगा गेला.

“तुला कसं सांगतील?” कृष्णा म्हणाला. “तू बँकेत होतीस तेव्हा सांगितलं मला. टीव्हीवर दाखवत होते हे स्मारक. म्हणाले, एकदा बघायला पायजे होतं. आणि लगेच म्हणाले, ‘दीपीला बोलू नको. तिला कळलं तर ती उद्याच गाडी करंल आन मला उचलून तिथवर नेईल. तिची पाठ गेलीय. रात्री कूस बदलताना कण्हती, मला ऐकू येतं.’ शपथ घातली त्यांनी मला.”

भिंतीपलीकडून आपलं कण्हणं कुणी ऐकत असेल, असं दीपमालाच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं…

“तुला वाटतं, मी लाडका म्हणून मला सांगितलं,” कृष्णा बुटांकडेच बघत म्हणाला. “ताई, त्यांनी मला सांगितलं, कारण त्यांना खात्री होती, मी नेणार नाही. माझ्याजवळ बोलायला भीती नव्हती त्यांना. आणि बरोबरच निघाले ना ते. पुढच्या महिन्यात बघू, पुढच्या महिन्यात बघू, करत राहिलो. घाटावर लोक माझी पाठ थोपटत होते, तेव्हा मला नदीत उडी मारावीशी वाटत होती.”

तो काचेला कपाळ टेकून रडू लागला. आवाज न करता, पाटीचा मान राखत. त्याच्या श्वासानं काच धुरकट झाली आणि बूट दिसेनासे झाले. दीपमाला बघत राहिली. त्याच्या डोक्यावर मागच्या बाजूला टक्कल पडू लागलं होतं, अगदी अण्णांसारखं, आणि हे तिनं वर्षभरात पाहिलंच नव्हतं. तिनं हात वर केला आणि त्या टकलावर ठेवला.

“आणलंस की,” ती म्हणाली. “आज आणलंस.”

“फोटोला.”

“मग काय झालं? तिकीट काढून आणलंस.”

तो रडता रडता हसला, आणि त्या हसण्याचा आवाज मात्र दालनभर झाला. दारावरच्या जवानानं त्यांच्याकडे पाहिलं. दोघं खालमानेनं बाहेर पडली.

झाडाखाली एक बाक होता. दीपमाला त्यावर बसली. जराशी टेकून नाही, तर पाय लांब करून, पाठ सैल सोडून. रणगाड्यापाशी आई एकटीनं फोटो सावरत होती आणि चाचांची हाक येत होती, “दीपा बेटी, जरा ये, भाबीचा हात दुखतोय.”

दीपमाला सवयीनं उठायला गेली आणि परत बसली.

“कृष्णा, तू जा,” ती म्हणाली. “माझी पाठ दुखतीय.”

हे वाक्य तिनं घरात कुणाला कधी ऐकवलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच ते नवीन वाटलं. कृष्णा थबकला, त्यानं बहिणीकडे नीट बघून घेतलं, मग तो धावत रणगाड्याकडे गेला. आईच्या हातातून त्यानं फोटो घेतला, आईला सावलीत आणून बसवलं, आणि तसाच, बगलेत अण्णांना घेऊन, घाम पुसत बाकापुढे उभा राहिला.

“आणखी काही पाहिजे, ताई?”

“चहा,” दीपमाला म्हणाली, आणि तिनं डोळे मिटून घेतले.