थरथर आली तरी

श्रावणातली सर नुकतीच ओसरली होती. सांबऱ्याच्या वाटेवर अंजनीच्या बैलगाडीचं चाक चिखलात रुतलं, आणि भाजीच्या पाट्यांना टेकून झोपलेली तिची आत्या मालुबाई जागी होऊन बैलांना शिव्या देऊ लागली. बांधावर आंब्याखाली एक धिप्पाड तरुण एकटाच बसला होता.

“ओ पैलवान! जरा हात लावा की!” अंजनीनं हाक मारली.

तो उठला. चाकाला खांदा लावला... एका हिसक्यात गाडी वर! मग हळूच म्हणाला, “पैलवान म्हनू नका.”

“मग काय म्हनू? बैल म्हनू?”

हसू त्याच्या ओठांपर्यंत आलं, आणि परत फिरलं.

“रवळू त्यो,” गाडी चालू लागल्यावर मालुबाई म्हणाली. “ह्येची पाठ कुनी मातीला लावली न्हवती. मग तालमीतला जोडीदार शामू तापानं गेला. त्येच्या मागनं निपाणीच्या मैदानात सलामी दिली, आन हुबा कापाय लागला. भर कुस्तीतनं पळाला बघ. आता पोरंसोरं पळपुटा म्हनत्यात.”

पुढच्या बाजाराला तो तिथंच होता. अंजनीनं गाडी थांबवली.

“आज काय अडलं?”

“बैल दमल्यात.”

बैल मजेत शेपट्या हलवत उभे होते. त्यानं बैलांकडं पाहिलं, मग तिच्याकडं... दोघांनीही नजर वळवली.

तिनं भाकरी-ठेचा पुढं केला. “छातीत घोडं उधळतंय न्हवं? वाटतंय, आता जीव जातोय?”

त्याचा घास हातातच राहिला. “तुला कसं ठावं?”

“आई गेल्यावर मलाबी तसंच व्हायचं. घागर उचलाय गेले की हात लटलटा कापायचं. लोक म्हनले, बाहेरचं हाय. आत्ती म्हनली, आतलं हाय, दाबू नगंस, बोल. रोज सांजच्याला जवळ बसवून आईचं बोलाय लावायची.”

“मग... गेलं घोडं?”

“न्हाय. येतंय कधीमधी. पर आता वळखते त्येला. आलं की पाय भुईवर रोवायचं, सावकाश श्वास सोडायचा. दमून जातंय आपसूक.”

त्या दिवशी रवळू पहिल्यांदा शामूबद्दल बोलला. बोलता बोलता रडला, आणि त्यानं डोळे लपवले नाहीत. मालुबाई खोटंच घोरत राहिली.

मग दर बाजाराला बैल तिथं दमू लागले.

“आज तालमीच्या दारातनंच परत आलो,” एकदा तो खाली मान घालून म्हणाला.

“दारापातुर गेलता न्हवं? लई झालं की!” तिनं हसून त्याच्या हातात पेरू ठेवला. बोटं जरा जास्तच वेळ थांबली...

थंडी पडता पडता तो तालमीच्या लाल मातीत उतरला. माघात बेळगावचं मैदान ठरलं.

मैदानाच्या कडेला गाडीत अंजनी वडिलांशेजारी बसली होती, मागं मालुबाई. रवळूनं समोरच्या पैलवानाशी हात मिळवला, आणि तिला लांबूनही कळलं... आली थरथर!

“पळतोय बघा!” कुणीतरी ओरडलं.

रवळू पळाला नाही. मोठ्यानं म्हणाला, “वस्ताद, थरथर आलीया. जरा दम खातो.”

लोक हसले. तो पाय रोवून उभा राहिला. एक लांब श्वास... अजून एक. हसणं हळूहळू विरलं. मग त्यानं मांडीवर अशी थाप मारली की हलगीवाल्याचा हात थांबला! झटापट झाली, दोघं गुडघ्यावर आले, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत रवळूनं ढाक डाव मारून समोरच्या पैलवानाला आस्मान दाखवलं. मैदान उसळलं. फेटे हवेत उडाले.

गुलालानं माखलेला रवळू गर्दीतून थेट गाडीपाशी आला. अंजनीच्या वडिलांना, मारुतीरावांना, हात जोडले.

“तुमची अंजनी मागाय आलोय. आदीच सांगतो, ह्ये कापरं परत यील कवातरी. लपवून मागत न्हाय.”

मारुतीरावांनी मिशीवरून हात फिरवला. “येवड्या लोकांम्होरं भ्या वाटतंय म्हननारा गडी मी पैल्यांदाच बघितला. लई छातीचा हाईस रं!” ते लेकीकडं वळले. “तुजं काय, पोरी?”

अंजनीची मान खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत ती म्हणाली, “आप्पा... जरा सरकून बसा की. ह्यास्नी बसाय जागा द्या.”

‘ह्यास्नी’ ऐकताच मालुबाईनं टाळी वाजवली. रवळूनं गाडीचा कठडा धरला, आणि लाजून लाजून एवढा मोठा गडी वर चढायचंच विसरला.