गोणपाटाखालची अंडी

धरणेंद्रला त्या वर्षी दुष्काळापेक्षा वर्तमानपत्रांचा जास्त राग येत होता. माणच्या माळावर दुष्काळी कामात खोदताना म्हणे राक्षसी प्राण्याची दगड झालेली अंडी सापडली! लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळात अंडी? उकळत्या लाव्ह्यात घातली की काय? सांगलीच्या कॉलेजात तो भूशास्त्र शिकवायचा. असल्या अडाणीपणाची त्याला शिसारी यायची. त्रिशलाला बाळंतपणासाठी फलटणला माहेरी सोडायचंच होतं. वाटेत ही अंडी बघायची आणि संपादकाची बिनपाण्यानं करायची, असं त्यानं ठरवलं.

विटा मागे पडलं आणि हिरवं म्हणून काही उरलं नाही. करपलेले माळ, बोडके डोंगर, खडी फोडणारी माणसं. मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेली त्रिशला पोटावर हात ठेवून हसत होती.

"सकाळपासून नुसत्या लाथा मारतंय, अहो."

धरणेंद्रही हसला. या मुलासाठी दोघांनी फार वर्षं वाट पाहिली होती.

दहिवडीच्या अलीकडे एका खड्ड्यात भोपळ्याएवढे गोल दगड ओल्या गोणपाटाखाली मांडलेले होते. प्यायला पाणी नाही, आणि रंगूबाई नावाची म्हातारी त्यांच्यावर घागर रिकामी करत होती! धरणेंद्रचं डोकंच सणकलं.

"आजी, दगडांना तहान लागते?"

"तान न्हवं, सायब. त्येस्नी ऊब लागू देत न्हाई आमी."

"लागली तर?"

म्हातारीनं गाडीतल्या त्रिशलाकडे पाहिलं. "बाईस्नी घिऊन बिगीनं जावा."

झिजून गोल झालेला कातळ, आणि त्याला अंडं म्हणतात मूर्ख! विद्यार्थ्यांना हसवायला बरा, म्हणून त्यानं एक दगड उचलला. म्हातारी हातापाया पडू लागली. त्यानं तिला बाजूला सारलं आणि दगड मागच्या सीटवर ठेवला.

"अहो, जैनाच्या घरात अंडं?"

"दगड आहे तो. तू तरी शहाण्यासारखं बोल."

काचेतून ऊन आत येत होतं.

"गरम झालाय हो हा," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"उन्हात दगड तापणारच."

त्यानं आरशात पाहिलं. तिनं दगड मांडीवर घेऊन त्यावर पदर घातला होता.

"लाथा मारतंय का अजून?"

"केवढ्या जोरात!"

तिचा आवाज त्याला आवडला नाही. फलटणच्या वेशीपाशी त्यानं गाडी थांबवली, मागे वळून तिच्या पोटावर हात ठेवला.

पोट ओल्या गोणपाटासारखं गार होतं.

"तिथं नाही हो," त्रिशला कौतुकानं हसली. तिनं त्याचा हात उचलून मांडीवरच्या दगडावर ठेवला. "इथं."