डाव्या कानाखाली

म्हाताऱ्याला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी बजावलं, "वस्तरा बंद. जरा कापलं तरी रक्त थांबायचं नाही." चाळीस वर्षं लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवलेल्या न्हाव्याला हे सांगायचं म्हणजे माशाला पाण्याची बंदी. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा, यंत्रावर त्याचा भारी विश्वास. त्याच संध्याकाळी तो इलेक्ट्रिक शेव्हर घेऊन आला.

"हा काय भुंगा आणलास?" म्हातारा कुरकुरला. "नुसता गुणगुणतो. दाढी करावी ती वस्तऱ्यानंच."

"हलू नका, बाबा."

पाच मिनिटांत दाढी उरकली. ना फेस, ना पाणी. खुंट बोटाला टोचत होते, पण धोका टळला होता. आई गेल्यावर मुलाला हे एकच माणूस उरलं होतं आणि तेही हातचं जाईल या भीतीनं त्याला धड जेवण जात नव्हतं.

चौथ्या सकाळी शेव्हर गालावर फिरवला, तर कापण्याचा आवाजच येईना. गाल आधीच गुळगुळीत होते. तुरटीचा वास येत होता. शेव्हरमधला केसांचा कप्पा त्यानं उघडून पाहिला. रिकामा होता.

"वस्तरा हातात घेतलात ना?"

"मी कशाला? न्हाव्यानं स्वतःची दाढी करू नये. जोडीदारानं केली."

जोडीदार म्हणजे दुकानातल्या शेजारच्या खुर्चीवरचा न्हावी. दुकान उघडण्याआधी दोघं रोज एकमेकांची दाढी करत. जोडीदाराची एक खोड होती. डाव्या कानाखाली तांदळाएवढे केस तो मुद्दाम राखायचा. "उद्या यायला कारण नको?" म्हणायचा. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

मुलानं बापाच्या डाव्या कानाखाली पाहिलं. केस होते.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात," म्हातारा खुशीत म्हणाला. "मेल्यावर तरी कुठं जाते?"

म्हाताऱ्याच्या थरथरत्या हातात चहाचा कपसुद्धा ठरत नव्हता. तरी मुलानं वस्तरा नेऊन कामावरच्या लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली गळ्यात अडकवली. दुसऱ्या दिवशी गाल पुन्हा गुळगुळीत. तिसऱ्या दिवशी गळ्यावर एक बारीक रेघ होती. रक्त थांबेपर्यंत दुपार झाली, तीन टॉवेल भिजले.

"त्याला सांगा, पुन्हा येऊ नको म्हणावं," मुलगा म्हणाला. आपण हे कुणाबद्दल बोलतोय ते मग त्याच्या लक्षात आलं.

"सांगतो. पण आल्यासरशी हात चालवल्याशिवाय तो जायचा नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मुलगा दाराला आतून कडी घालून पलंगाशी बसला. या गडबडीत त्याची स्वतःची दाढी चार दिवसांची वाढली होती. भिंतीवर ऊन आलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. डोळा लागला नव्हता, शपथेवर सांगायला तो तयार होता.

सातला त्यानं शेव्हर सुरू केला. म्हाताऱ्याच्या गालावर पांढरे खुंट होते. करकर आवाज आला, केस कापले जात होते. मुलाचा जीव भांड्यात पडला.

"आला नाही ना?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते.

"आला होता. मी नको म्हणालो. माझ्यावर रागावू नकोस, पोरा."

तुरटीचा वास येत होता. म्हाताऱ्याच्या गालाला नव्हता.

मुलानं स्वतःच्या गालावरून हात फिरवला. गाल गार आणि गुळगुळीत होता.

मग बोट डाव्या कानाखाली गेलं. तिथं तांदळाएवढे केस राखलेले होते.