कोऱ्या जागेतलं नाव

आईचा अंगठा शाईत बुडाला होता. आता तो कागदावर टेकणार, तेवढ्यात मागून एका पोरानं कागदच ओढून घेतला.

"काकू, कशावर अंगठा देऊन राहिल्या, ठावं हाय का?"

"माज्या संतरामला सोडा, असा अर्ज हाय म्हनं," आई म्हणाली.

"अर्ज न्हाई हा. पोरानं दंगा केला हे कबूल हाय, असं लिवलंय."

सत्तेचाळीसची दिवाळी नुकतीच सरली होती. हिंगोलीच्या कचेरीसमोर शंकरसिंग मला असा भेटला. राज्य निजामाचं, सगळे कागद उर्दूत. माझा भाऊ संतराम तिरंगा झेंडा लावला म्हणून तुरुंगात होता, आणि आम्ही मायलेकी भेटेल त्याच्या शब्दावर विश्वास ठेवत फिरत होतो. हा बंजारा तांड्यावरचा पोरगा उर्दू शाळेत शिकलेला. त्यानं तिथंच उकिडवं बसून खरा अर्ज लिहून दिला. आभार मानायचे सोडून मी त्याच्याशी भांडलेच.

"तुमचं तरी खरं कशावरून?"

तो हसला. "मग शिक की. सोताच वाच."

मराठी अक्षरं मला संतरामनं शिकवली होती. त्यामुळं शंकरचं काम सोपं झालं. दर बाजाराच्या दिवशी तो आमच्या ओसरीवर यायचा, जाडा बदामी कागद पसरायचा. वर उर्दूची ओळ, खाली तेच मराठीत, आणि कुठला शब्द कुठल्या शब्दाचा हे दाखवायला पेन्सिलीच्या रेघा. उर्दू उजवीकडून निघणार, मराठी डावीकडून. रेघा मधोमध एकमेकींवर चढायच्या आणि कागदाचं पार जाळं व्हायचं.

"तुमची ओळ उलटी चालून राहिली," मी म्हटलं.

"तिला वाटतं, तुझीच उलटी चालून राहिली. मधी कुठंतरी गाठ पडतेच की..."

मी गोधडीचे दोरे काढले. नावाला लाल, येणं-जाणं अशा कामाच्या शब्दाला हिरवा, बाकी सगळ्याला काळा. उर्दू शब्दापाशी एक टाका, दोरा ताणून मराठी शब्दापाशी दुसरा. मग कितीही गुंता असो, लाल दोऱ्यावर बोट ठेवलं की ते बरोबर आपल्या जोडीदाराकडे जायचं. आई समोर तूर निवडत बसलेली असायची. तिला अक्षर येत नव्हतं, ते शंकरच्या चांगलंच पथ्यावर पडलं. आधी 'विहिरीचं पाणी गोड आहे' अशी वाक्यं यायची. मग एकदा आलं — 'शिवणारीची बोटं शंकरसिंगला फार आवडतात.'

माझे कान तापले. "हे मी न्हाई शिवणार."

"काहून? अवघड हाय?"

"काय लिवलंय गं?" आईनं विचारलं.

"विहिरीचं पाणी," मी म्हटलं... आणि मान खाली घालून त्याचं नाव लाल दोऱ्यानं शिवलं.

बाहेर मात्र दिवस वाईट होते. शेजारच्या गावात रझाकारांनी घरं पेटवली, तिथल्या विहिरीत माणसं सापडली. संतरामची काही खबर नव्हती. शंकर कनेरगाव नाक्यापलीकडे, निजामाच्या हद्दीबाहेर वऱ्हाडात, लढणाऱ्यांचे निरोप पोचवतो, हे माझ्या कानावर आलं होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं.

चैत्रात चावडीच्या भिंतीवर एक उर्दू कागद लागला. माणसं वाचणाऱ्याची वाट बघत ताटकळली होती. मी पदर ओढून पुढं झाले. अकरा नावं, दिसतील तिथं धरायची. सातव्या नावापाशी माझं बोट थांबलं. ते नाव मी स्वतः शिवलं होतं.

नेमका बाजाराचा दिवस होता, तो यायला निघालेला असणार. मी ओढ्यापर्यंत धावत गेले.

"परत फिरा! भिंतीवर तुमचं नाव हाय."

"कुनी सांगितलं?"

"मी वाचलं."

"एकटीनं?" त्याचा चेहरा असा उजळला, की मला त्याला मारावंसं वाटलं. "समदं?"

"समदं. अकरा नावं. सातवं तुमचं."

तो मोठ्यानं हसला, आणि मग काठावर बसला. त्यानं खिशातून कागदाची घडी काढली.

"आजचा धडा हाय. खालच्या ओळीत एक जागा कोरी सोडलीय. मनात असंल तर भर. नसंल तर... राहू दे तशीच."

"आन् तुमी कवा बघनार?"

"आल्यावर."

मी त्याचा हात धरला. पहिल्यांदाच. बोटांवर शाईचे डाग होते.

"मला तुमी आवडता. कागदावर न्हाई, तोंडानं सांगून राहिले."

"आता तर यावंच लागंल," तो म्हणाला. नाक्याच्या वाटेला लागल्यावर त्यानं तीनदा वळून बघितलं.

घरी येऊन घडी उघडली. वर उर्दूत होतं, 'शंकर आणि गोजरा संसार करतील.' खाली मराठीत, 'शंकर आणि' — मग कोरी जागा — 'संसार करतील.' दिवेलागणीच्या आत मी तिथं माझं नाव लिहिलं आणि लाल दोरा घातला.

सप्टेंबरात हिंदी फौज आली, निजामाचं राज्य गेलं. संतराम हाडांचा सापळा होऊन का होईना, सुटला. गावानं गूळ वाटला. मी रोज ओढ्यापर्यंत जाऊन यायचे.

दसऱ्यानंतर शंकरची आई, मोतीबाई, आली. पोरगं चैत्रातच नाक्याच्या अलीकडे गोळी लागून पडलं होतं, हे तांड्याला आता कळलं होतं. दिवस तोच, वेळ सांजेची. म्हणजे मी सुईत दोरा ओवत होते, तेव्हा... मला आधी रडू आलं नाही, रागच आला. येतो म्हणाला होता.

"माज्याजवळ त्याचं काहीच न्हाई," मोतीबाई म्हणाली. "तुज्यापाशी त्याच्या हातचं काई हाय का?"

मी कागद काढला. तिचं बोट धरून वरच्या ओळीवर ठेवलं. "हे माजं नाव, त्यानं लिवलेलं." मग बोट लाल दोऱ्यावरून खाली नेलं. "हेबी माजंच, मी लिवलेलं. त्यानं इचारलं होतं, मी व्हय म्हनलं."

"त्यानं बघितलं?"

"न्हाई."

मोतीबाई कितीतरी वेळ दोऱ्यावरून बोट फिरवत राहिली. मग हलकेच तिनं विचारलं, "दोरा कच्चा तर न्हाई ना गं?"

शंकर आपल्या आईला 'याडी' म्हणायचा. माझ्याही तोंडी तेच आलं.

"न्हाई, याडी. दुहेरी घातलाय."