कडेवर

पिरॅमिडच्या पायथ्याशी पोचल्यावर पाळण्याने सावली मागितली.

"उन्हाचा चटका वाढलाय. बाळाला झाडाखाली नेतो," असं म्हणून तो आपल्या चार रबरी पायांवर वळला आणि गवतातून जपून पावलं टाकत एका जुनाट झाडाकडे चालू लागला. दगडावर ऊन खात पडलेला हातभर इग्वाना त्याला वाट देऊन बाजूला सरकला. पाळण्यात सात महिन्यांची सावनी जागी होती. तिच्या डोक्यावरची जाळी आपोआप गडद झाली, खालून गार हवेची झुळूक आली, आणि तिचा आवडता कापडी ससा हाताला लागेल असा पुढे सरकला. सावनीने त्याचा कान धरला. तिला काही मागावं लागलं नव्हतं. जन्मल्यापासून तिला कधीच काही मागावं लागलं नव्हतं.

शाल्मली दोन पावलं मागून येत होती. आईने पाळण्याच्या मागे चालावं यात आता कुणाला काही वेगळं वाटत नसे.

श्रीरंगच्या कामामुळे ते सगळे मेक्सिकोत आले होते. तो मेरिदाच्या हॉटेलात बैठकांमध्ये अडकलेला, म्हणून शाल्मली आणि तिच्या सासूबाई एक दिवसाच्या सहलीला निघाल्या होत्या. सकाळी माया लोकांचं जंगलातलं जुनं शहर, दुपारी जेवण, मग सेनोतेत, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या कुंडात, पोहणं. व्हॅनमध्ये आणखी चार-पाच पाहुणे होते, आणि त्यांना फिरवायला लीहिया कानुल. लीहिया पस्तिशीची, बुटकी, मोठ्या आवाजाची होती. सकाळी व्हॅनमध्येच तिने सगळ्यांना इंग्रजीत बजावलं होतं की, माया लोक गूढपणे नाहीसे झाले असं कुणाकडून ऐकलं असेल तर विसरून जा. मी स्वतः माया आहे, आणि माझी आई आत्ता घरी बसून मी फोन का केला नाही म्हणून चिडलेली आहे.

बाकीचे पायऱ्या चढायला गेले. शाल्मली झाडाखाली पाळण्याशेजारी बसली. हात आत घालून तिने सावनीच्या गालाला बोट लावलं. सावनीने तिच्याकडे पाहिलं, सौजन्याने पाहावं तसं, आणि पुन्हा सशाकडे वळली.

या पाळण्याचं नाव 'सांभाळ'. बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी येताना तो बरोबरच आला होता, त्यांच्या इमारतीतल्या इतर बाळांचा आला होता तसाच. बाळ रडण्याच्या काही मिनिटं आधी त्याचं शरीर बदलू लागतं. श्वास आखूड होतो, पोटात गुरगुर होते, तळवे ओलसर होतात. डॉक्टर या अवस्थेला पूर्वरुदन म्हणत. गादीत विणलेल्या धाग्यांना पूर्वरुदन कळायचं, आणि रडू फुटण्याआधीच त्याचं कारण नाहीसं केलं जायचं. दूध कोमट होऊन यायचं, लंगोट बदलला जायचा, पाळणा झुलायचा. बोलायचासुद्धा, आणि तेही शाल्मलीच्या आवाजात. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात तिने दोन दुपारी बसून तो आवाज भरून दिला होता. तेव्हा तिची झोप पुरी व्हायची, आवाज गोड लागला होता. आता दूध काढून ठेवणं, ऑफिसचं काम आणि रात्री उगीचच उठून पाळण्यापाशी बसणं यांत तिचा खरा आवाज घोगरा झाला होता. सावनीला ओळखीचा होता तो पाळण्यातला.

"काय छान गप आहे बघ," सासूबाई घाम पुसत येऊन बसल्या. "श्रीरंगच्या वेळी हा असता ना, तर माझं बी. ए. पूर्ण झालं असतं."

"आई, तुम्ही तिला कधी रडताना ऐकलंय?"

"नाही बाई. देवाची कृपा."

पुढे बोलून उपयोग नव्हता, कारण शाल्मलीच्या नावावर आधीच दोन शेरे होते. एकदा ती सावनीला आपल्या कुशीत घेऊन झोपून गेली होती, आणि एकदा पाळणा घरी ठेवून तिला खाली पारिजातकाची फुलं दाखवायला घेऊन गेली होती. दोन्ही वेळा सांभाळने बालरक्षा मंडळाला कळवलं. तिसरा शेरा म्हणजे देखरेख. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बाळ मंडळाच्या केंद्रात, आणि आईला काचेपलीकडून भेट, सहा महिने. श्रीरंगने निघताना एवढंच म्हटलं होतं की, सहलीत मजा कर, पण सावनीला पाळण्याबाहेर काढू नकोस.

जेवण गवताने शाकारलेल्या उघड्या मांडवात होतं. मक्याच्या जाड पोळ्या, काळा घेवडा, आणि भाजलेल्या भोपळ्याच्या बिया टोमॅटोबरोबर वाटून केलेली चटणी. सासूबाईंनी चटणी दोनदा मागून घेतली आणि यात जरा कूट आणि जिरं हवं होतं असा निकाल दिला. सावनीची बाटली पाळण्याने आधीच दिली होती. लीहिया त्यांच्या बाकावर येऊन बसली आणि पाळण्यात डोकावून तिने विचारलं, हिचं हेत्समेक झालं का?

ते काय असतं, ते तिनेच सांगितलं. बाळाला पहिल्यांदा कडेवर बसवण्याचा सोहळा. धर्मआई बाळाला कडेवर घेऊन टेबलाभोवती फिरते, प्रत्येक फेरीला जिभेवर काहीतरी चाटवते. मुलगा असला तर चौथ्या महिन्यात, कारण शेताला चार कोपरे. मुलगी असली तर तिसऱ्या, कारण चुलीला तीन दगड.

"आमच्याकडेही चूल तीन दगडांचीच की," सासूबाई म्हणाल्या. शाल्मलीने ते इंग्रजीत सांगितल्यावर लीहिया खूश झाली. म्हणाली, मुलगी म्हणजे चूलच का, म्हणून तिच्या बहिणीने भांडून मुलीचं हेत्समेकही चौथ्या महिन्यात केलं. गावात अजून कुरबुर चालू आहे. तिने फोनवर फोटो दाखवला. काळ्या जावळाची भाची लीहियाच्या कंबरेला दोन्ही पायांनी घट्ट धरून बसली होती आणि तोंड उघडून भोकाड पसरत होती.

"रडतेय ही," शाल्मली म्हणाली.

"सगळीच रडतात. खालून बघितलेलं जग आणि कडेवरून बघितलेलं जग एक नसतं ना."

शाल्मली त्या फोटोकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, सातव्या महिन्यात केलेलं चालतं का? लीहियाने एकदा पाळण्याकडे पाहिलं, एकदा गळ्यातल्या कंपनीच्या ओळखपत्राकडे. उशीर झालाय, पण तक्रार कोण करणार, म्हणाली. पण हा तुमचा पाळणा करेल, आणि मग माझं हे गळ्यातलं जाईल. तेव्हा तुम्ही मला काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. एवढं बोलून ती पोळ्या आणायला उठली.

सेनोते तिथून जवळच होतं. या भागात जमिनीवर नदी नाही. पाऊस चुनखडीत मुरतो आणि पाणी जमिनीखालच्या गुहांमधून वाहतं. कुठेतरी गुहेचं छत कोसळतं आणि ते पाणी उघडं पडतं. वरून पाहिलं तर झाडीत एक मोठं गोल भोक. कडेने लाकडी जिना खाली उतरलेला, वडासारख्या झाडाच्या मुळ्या दोराप्रमाणे थेट पाण्यापर्यंत लोंबलेल्या, आणि तळाशी निळं, स्वच्छ, उन्हाच्या एका पट्ट्याने उजळलेलं पाणी. उतरण्याआधी सगळ्यांनी नळाखाली अंग धुतलं. लीहिया जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबून आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली. इथल्या राखणदारांची परवानगी घेतल्याशिवाय ती कधी उतरत नसे.

पाळणा जिन्याशी थांबला. "पायऱ्या ओल्या आहेत. मी बाळासह वर थांबेन. शाल्मली, तू पोहून ये."

ती उतरली. पाच-सहा पायऱ्या उतरून तिने मान वर करून पाहिलं. वर सासूबाई पर्स सांभाळत उभ्या होत्या, शेजारी तो गुळगुळीत पांढरा डबा, आणि डब्यात तिची मुलगी. तिला काही कमी नव्हतं. आणि तिला आई इथे उभी आहे याचा पत्ताही नव्हता.

शाल्मली परत वर आली. तिने जाळी उघडली आणि सावनीला उचललं.

"शाल्मली, बाळाला परत ठेव," पाळणा म्हणाला. "पाण्याचं तापमान तिच्यासाठी कमी आहे. कडेवर घेण्याचं वय नऊ महिन्यांनंतरचं आहे. दोन शेरे झालेले आहेत, याची आठवण देतो."

"आहे आठवण."

"अगं, काय करतेस?" सासूबाईंनी तिचा दंड धरला. "सहा महिने तिकडे ठेवतील पोरीला. काचेतून बघत बसशील."

"आत्ता काय वेगळं करते, आई?"

सासूबाईंची पकड सुटली की त्यांनी सोडली, हे शाल्मलीला कळलं नाही. ती उतरू लागली. खाली बाकीचे पाहुणे नारिंगी जाकिटं घालून तरंगत होते. लीहिया पाण्यात बुडालेल्या शेवटच्या पायरीवर कंबरभर पाण्यात उभी होती. तिने काही न विचारता एक हात पुढे केला आणि शाल्मलीला आधार देऊन उथळ पाण्याखालच्या दगडी कट्ट्यावर उभं केलं.

शाल्मलीने सावनीला डाव्या कडेवर बसवलं. सावनी बसलीच नाही. पाय कशाला वळवायचे असतात हे तिला माहीतच नव्हतं. ओल्या टॉवेलसारखे ते खाली लोंबत राहिले आणि ती घसरू लागली. शाल्मलीने तिला पुन्हा वर ओढलं. ती पुन्हा घसरली. चेहरा मात्र शांत होता. काहीतरी व्यवस्था होईल याची वाट बघणारा. मग तिची पावलं गार पाण्यात बुडाली.

व्यवस्था झाली नाही. पाणी कोमट झालं नाही, ससा पुढे आला नाही. सावनीचा श्वास आखूड झाला. इतक्या महिन्यांत शाल्मली पहिल्यांदा ते पूर्वरुदन स्वतःच्या बरगड्यांवर अनुभवत होती.

"सावू, ये बाळा. आई इथे आहे," वरून आवाज आला. गोड, नितळ, पुरी झोप झालेला. सावनीने मान वर केली आणि त्या भोकाकडे, उजेडाकडे बघू लागली.

"सावू, मी इथे आहे," शाल्मली म्हणाली. आवाज घोगरा, फाटलेला. सावनीने वळूनही पाहिलं नाही.

तेव्हा शाल्मलीला खरी भीती वाटली. वरचीच आई खरी ठरली तर? ती पुन्हा बोलली, वरचा आवाज पुन्हा बोलला, आणि गुहेच्या भिंतींनी दोन्ही एकमेकांत मिसळून टाकले.

मग वरचा आवाज एकदम दबला, जसं कुणी तोंडावर उशी धरावी. सासूबाई आपला टॉवेल पाळण्याच्या बोलण्याच्या जागेवर घट्ट दाबून त्यावर पर्ससकट बसल्या होत्या.

"मी याला बघते," त्या वरून म्हणाल्या. "तू तिला नीट धर. कंबर बाहेर काढ जरा, डावीकडे. माझं कंबरडं उगीच नाही वाकडं झालेलं."

शाल्मलीने कंबर बाहेर काढली. आणि सावनी रडली.

आधी आवाज नव्हता, नुसतं तोंड उघडलं आणि चेहरा लाल झाला. मग जो आवाज आला तो त्या गोल भोकातून वर जाऊन झाडीतले पक्षी उडवून परत खाली आला. तरंगणारे सगळे थांबले. एवढ्याशा जिवात एवढा आवाज इतके दिवस कुठे होता? ती रागाने रडत होती, मुठी आवळून, आणि रडताना तिचे गुडघे वर आले, पाय आवळले गेले, एक पाय शाल्मलीच्या पोटाशी आणि एक पाठीशी रुतला. ती बसली. कुणी शिकवलं नव्हतं. रडण्याच्या जोरानेच ती आईच्या कंबरेला धरून बसली आणि आईच्या खांद्यावर तोंड दाबून तिथे रडू लागली.

शाल्मलीने तिला गप केलं नाही. ती नुसती डुलत राहिली, आणि लीहिया बाजूला हळूच म्हणाली, टेबल नाही, तर पाण्यातच फिरवू. तिने बोटाने पाण्याचा एक थेंब सावनीच्या ओठाला लावला. तिघी कट्ट्याच्या कडेकडेने चालल्या. फेऱ्या कुणी मोजल्या नाहीत.

वर पर्समधला शाल्मलीचा फोन वाजला. तो श्रीरंगचा होता. सासूबाईंनी मुलाला सांगितलं की, ती पाण्यात आहे, नंतर कर. लगेच दुसरा फोन आला. तो घेऊन मात्र त्या, टॉवेल पाळण्यावर तसाच घट्ट खोचून, जिना उतरून, दर पायरीला थांबत, खाली आल्या आणि त्यांनी तो शाल्मलीच्या कानाशी धरला.

"बालरक्षा मंडळातून ऋजुता बोलतेय, इथे रात्रपाळी चालू आहे." आवाज तरुण होता, सभ्य. "तुमचं बाळ पाळण्याबाहेर आहे. आत्ता परत ठेवलंत तर हा तिसरा शेरा मला थांबवता येईल. तेवढा अधिकार आहे मला. ठेवताय ना, मॅडम?"

सावनीचं रडणं हुंदक्यांवर आलं होतं. तिने मान उचलून शाल्मलीच्या तोंडाकडे पाहिलं, जिथून तो घोगरा आवाज येत होता तिथे, आणि ओली बोटं तिच्या ओठांवर ठेवली.

"नाही," शाल्मली त्या बोटांमधून म्हणाली. "शेरा लावा. मंडळासमोर बोलवा, मी येईन. पाळणा आणणार नाही. हिला अशीच कडेवर घेऊन येईन, आणि तिथे रडली तर रडू देईन."

"तुम्हाला परिणाम माहीत आहेत."

"माहीत आहेत. केंद्राच्या दारात बसेन रोज. तुम्ही काच पुसत बसा."

सासूबाईंनी मान हलवली, फोन दुसऱ्या हातात घेतला आणि तशाच धरून उभ्या राहिल्या. पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. शेरा लागला असणार. सावनीला पुन्हा काहीतरी आठवलं आणि ती नव्याने, आधीपेक्षा मोठ्याने रडली. आवाज भिंतींवरून फिरून आला.

फोन बंद झाला नव्हता.

"मॅडम," ऋजुता हळू आवाजात म्हणाली, "हे नोंदीसाठी नाही विचारत. माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. अजून एकदाही... तुम्ही तिला रडायला कसं शिकवलंत?"